धागातूट (मुंबईतील कापडगिरण्या)

सूत कातताना किंवा कापड विणताना धागा मध्येच तुटणे, यास धागातूट असे म्हणतात. कापडगिरणीतील हा सर्वांत किरकोळ आणि त्याच वेळी सर्वांत खर्चिक बिघाड होय. किरकोळ अशासाठी, की तुटलेला धागा सांधण्यास सरावलेल्या हाताला काही सेकंद पुरतात. खर्चिक अशासाठी, की गिरणीत असे हजारो धागे एकाच वेळी धावत असतात आणि प्रत्येक तुटीमागे कापसाच्या गासडीत, हवेत, खळीच्या कढईत, लोखंडी कडीत किंवा मागाच्या फणीत कोठेतरी एक दोष दडलेला असतो.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, शिवडी, नायगाव, वरळी, प्रभादेवी आणि दादर या भागांत गिरण्यांची वस्ती वाढून तिला गिरणगाव हे नाव पडले. या गिरणगावात सव्वाशे वर्षे धागातुटीची कारणे शोधण्याचे काम रोज, प्रत्येक पाळीत चालले. कारण कोणी शोधावे, तोवर मजुरी कोणाची बुडावी आणि बिघडलेल्या मालाची किंमत कोणी भरावी, हे प्रश्न मात्र केवळ यंत्रशास्त्राचे राहिले नाहीत. त्यांवरून संप झाले, चौकशी समित्या नेमल्या गेल्या आणि धोट्याच्या एका भोकावरून अस्पृश्यतेचा प्रश्नही गिरणीच्या आत उभा राहिला.

दोषाचे स्थान

गासडी फोडल्यापासून कापडाचा तागा घडी होईपर्यंत कापूस अनेक खात्यांतून जातो. ब्लोरूममध्ये तो पिंजून स्वच्छ होतो, कार्डिंगमध्ये त्याचे तंतू विंचरले जाऊन पेळू तयार होतात, पुढे पेळू खेचून व बारीक करून रोव्हिंग होते, रिंग खात्यात रोव्हिंगला पीळ बसून सूत होते. नंतर वाइंडिंग, वॉर्पिंग आणि सायझिंग या पायऱ्या ओलांडून सूत मागावर चढते. गिरणीच्या बोलीत रिंग खात्यास ‘त्रासन खाते’ आणि मागास ‘साचा’ म्हणत.

या साखळीचा एक गुणधर्म ध्यानात घेतल्याखेरीज धागातुटीचा विचार करता येत नाही. दोष जेथे निर्माण होतो तेथे तो बहुधा दिसत नाही, तो पुढच्या खात्यात दिसतो. कार्डिंगच्या तारा बोथट झाल्या, तर पेळूत गुठळ्या राहतात. गुठळीचे सूत रिंगवर कसेबसे निभावते आणि मागावर फणीशी घासले की तुटते. कार्डिंग खात्यातील कामगाराला या तुटीचा पत्ताही नसतो. साचेवाल्याला तूट दिसते, पण तिचे मूळ त्याच्या हातात नसते. गिरणीतील बहुतेक तंट्यांचे बीज या अंतरात आहे.

रिंग खात्यातील निदान

रिंग फ्रेमवर प्रत्येक चातीभोवती पोलादाची एक कडी असते आणि त्या कडीवर इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची, नखाएवढी तार फिरते. हिला ट्रॅव्हलर म्हणतात. सुताला पीळ बसणे आणि ते बाबिणीवर गुंडाळले जाणे, ही दोन्ही कामे या चिमुकल्या तारेवर अवलंबून असतात. ४५ मिलिमीटर व्यासाच्या कडीवर मिनिटाला ९,००० फेरे घेणारी ट्रॅव्हलर सेकंदाला सुमारे २१ मीटर, म्हणजे ताशी ७५ किलोमीटरहून अधिक वेगाने पोलादावर घासत असते. ती झिजली की सुताला कापते. जड असली की ताण वाढून सूत तुटते. हलकी असली की सुताचा फुगा मोठा होऊन शेजारच्या चातीच्या धाग्याला भिडतो. म्हणून सुताच्या नंबराप्रमाणे ट्रॅव्हलरचे वजन बदलावे लागते. सुताचा नंबर म्हणजे एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा; वीस नंबरच्या एका पौंडाची लांबी १६,८०० वार भरते.

धागा का तुटला, हे एका तुटीवरून कळत नाही. तुटींच्या मांडणीवरून कळते. जाणता कामगार ही मांडणी नकळत वाचत असे. तीच ती चाती पुन्हापुन्हा तुटत असेल, तर चाती कडीच्या मध्यावर नाही, कडी झिजली आहे किंवा वरच्या रुळाचे कातडे फाटले आहे, असे समजावे. एका फ्रेमवर सर्वत्र तूट वाढली, तर त्या फ्रेमची गती, ट्रॅव्हलर किंवा तिच्यावर चढलेले रोव्हिंग तपासावे. सगळ्याच फ्रेमवर तूट वाढली, तर कापसाचे मिश्रण किंवा हवा यांकडे पाहावे. रिकाम्या बाबिणीवर सूत सुरू होताना आणि बाबीण भरत येताना ताण अधिक असल्याने त्या दोन वेळी तूट स्वभावतःच जास्त असते. ती तूट दोष म्हणून मोजली, तर निदान चुकते. वेळेची नोंद न करता घेतलेले आकडे म्हणूनच फारसे उपयोगी पडत नाहीत.

पुढे यासाठी शंभर चात्यांमागे तासाला किती धागे तुटतात, हे माप रूढ झाले. त्याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका बाजूला २०० चात्या असून तुटीचे माप १० असेल, तर त्या बाजूच्या कामगाराला तासात २० धागे जोडावे लागतील. त्याला दोन बाजू दिल्या तर ४०. त्याच सुमारास मालकाने स्वस्त कापूस मिसळून तूट दुप्पट केली तर ८०, म्हणजे पाऊण मिनिटाला एक. धागे जोडण्यासाठी गिरण्यांत ‘तारवाला’ नावाचा मदतनीस असे, भरलेल्या बाबिणी उतरवण्यास डॉफर असत. या माणसांची संख्या ठरवताना तुटीचे माप हेच खरे परिमाण होते, पण ते मोजण्याची पद्धत रुजण्यापूर्वीच माणसे कमी करण्याचे निर्णय होऊ लागले होते.

हवा

कापूस हवेतील ओल शोषतो. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के इतके पाणी त्यात असते. ओलसर कापसाचा तंतू कोरड्या तंतूपेक्षा मजबूत असतो. हवा कोरडी झाली की तंतू ठिसूळ होतात, घर्षणाने विद्युत्‌भार साठून एकमेकांना दूर ढकलतात, खात्यात तूस उडते आणि धागे तुटू लागतात. ओल अति झाली तर तंतू रुळांना चिकटून गुंडाळले जातात, आणि तूट पुन्हा वाढते. म्हणून कताईला मध्यम आर्द्रता लागते, तर विणकामाला तिच्याहून बरीच अधिक.

समुद्रकाठची दमट हवा हा मुंबईच्या गिरण्यांना मिळालेला निसर्गाचा लाभ मानला जातो. तो खरा आहे, पण पुरता नाही. हिवाळ्यात उत्तरेकडील कोरडे वारे सुटले की रिंग खात्यात तुटीचे प्रमाण चढे, आणि पावसाळ्यात खळ दिलेल्या सुतावर बुरशी धरे. शिवाय छताखाली शेकडो यंत्रे फिरू लागल्यावर खात्याची हवा तापते आणि तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते. देशावर तर ही अडचण तीव्र होती. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपूर येथे सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये आर्द्रता राखणारी यंत्रणा लवकर बसवली गेली, यामागे विदर्भाची कोरडी हवा हे उघड कारण होते.

ओल वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खात्यात सरळ वाफ सोडणे. यामुळे धागा सावरतो, माणूस मात्र घामाघूम होतो, कारण वाफेबरोबर उष्णताही येते. पाण्याचे तुषार उडवून हवा धुणारी आणि थंड करणारी यंत्रणा दोघांनाही मानवते, पण ती महाग असते. विणकाम खात्याच्या खिडक्या भर उन्हाळ्यात बंद का ठेवतात, हा बाहेरच्या माणसाला पडणारा प्रश्न या संदर्भात समजतो: खिडकी उघडली की वारा येतो, आणि वाऱ्याबरोबर धागातूट. हवेच्या बाबतीत सूत आणि माणूस यांचे हित नेहमी एक नसते.

खळ

मागावर ताण्याचा धागा सारखा खेचला जातो, वर-खाली होतो आणि फणीशी घासतो. इंचाला ५० बाणे बसणाऱ्या कापडात, फणीचा फेरा पाच इंचांचा धरला, तर ताण्याच्या प्रत्येक इंचाला कापड होण्यापूर्वी अडीचशे वेळा फणीची घसट सोसावी लागते. ही सोसण्याची शक्ती खळीने येते. मक्याचे पीठ, टॅपिओका किंवा चिंचोक्याची पूड शिजवून केलेली खळ धाग्याभोवती आवरण धरते. तिला मऊपणा यावा म्हणून चरबी घालत. बुरशी धरू नये म्हणून झिंक क्लोराइड आणि ओल टिकावी म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड मिसळण्याची रीत होती. चिनी माती घालून कापडाचे वजन वाढवण्याचीही रीत होती, तिचा धाग्याच्या बळाशी मात्र संबंध नाही. पहिल्या धुण्यात ती माती गटारात जाई.

खळ हे प्रक्रियादोषाचे उत्तम उदाहरण आहे, कारण येथे यंत्र ठाकठीक असूनही माल बिघडतो. कापडात ठिकठिकाणी ताण्याच्या एकेका धाग्याची रेघ रिकामी दिसते, असे समजा. रेघ का? धागा तुटला आणि साचेवाल्याच्या लक्षात आला नाही. का तुटला? त्यावर खळ पुरेशी धरली नव्हती. का? खळ पातळ होती. शिजवताना प्रमाण तर बरोबर होते, मग पातळ का झाली? कढईत सोडलेली वाफ ओली होती, तिचे पाणी खळीत मिसळले. वाफ ओली का? बॉयलरपासून येणाऱ्या नळावरचे उष्णतारोधक वेष्टन निघाले होते, त्यामुळे वाटेतच वाफेचे पाणी होत होते. साचेवाल्याला दंड करून ही रेघ भरून निघत नाही आणि खळीत पीठ वाढवूनही ती कायमची जात नाही. नळाला वेष्टन बांधावे लागते.

माग आणि जॉबर

साध्या यंत्रमागावर मिनिटाला सुमारे १८० वेळा धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकला जातो. ताण्याच्या दोन थरांमध्ये वाट उघडणे, धोटा सुटणे, तो पलीकडे पोहोचणे आणि फणीने बाणा ठोकणे, या क्रिया सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात क्रमाने घडतात. त्यांचा मेळ जरासा चुकला की धोटा उशिरा पोहोचतो; सुदैवाने माग दणका देऊन थांबतो, दुर्दैवाने धोटा थरांत अडकून ताण्याचे शेकडो धागे एकदम तुटतात, आणि अगदी वाईट प्रसंगी तो मागाबाहेर उडून शेजारच्या माणसाला लागतो.

धोटा उशिरा पोहोचण्याची कारणे अनेक. फटका मारणाऱ्या काठीचे कातडे झिजलेले असेल, पेटी सैल किंवा घट्ट असेल, पट्टा घसरत असेल. वाफेच्या इंजिनाच्या काळात छताखालून जाणाऱ्या एका लांब दांड्यावरून पट्ट्यांनी सगळे माग फिरत. त्यामुळे पट्टा ओल धरून सैल झाला तर तो माग मंदावे, आणि इंजिनच मंदावले तर सारे खाते. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत् मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. नंतर प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर बसवण्याची सोय झाली, तेव्हा कारणांच्या यादीतून पट्टा हळूहळू वजा झाला.

हे सर्व जुळवून देण्याचे काम जॉबरचे. जॉबर हा एकाच वेळी फिटर, मुकादम आणि भरती करणारा अधिकारी होता. आवाजावरून मागाचा दोष ओळखणे, ही त्याच्या विद्येची कसोटी समजली जाई, आणि शेकडो मागांच्या खडखडाटात एका मागाचा बदललेला ठोका ऐकू येणे हे अतिशयोक्तीचे वाटले तरी अशक्य नाही. आईला दहा मुलांच्या कालव्यात आपले मूल रडल्याचे कळते, तशातला हा प्रकार. ही विद्या पुस्तकात नव्हती. लँकेशायरहून आलेल्या यंत्रांची माहितीपत्रके इंग्रजीत होती आणि यंत्र चालवणारे रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून आलेले, बहुतेक निरक्षर कामगार होते. दोघांमधला दुवा जॉबर.

परंतु याच दुव्याच्या हाती नोकरीही होती. जॉबर आपल्या गावची, नात्यातली माणसे भरी. कामावर घेण्यासाठी दस्तुरी घेण्याची पद्धत सर्रास होती, आणि तिची नोंद १९२९ ते १९३१ या काळात चौकशी करणाऱ्या शाही श्रम आयोगानेही घेतली आहे. साचेवाल्याची मजुरी विणलेल्या कापडावर ठरे. माग बंद राहिला की त्याची मजुरी बंद. कोणाचा माग आधी दुरुस्त करायचा हे जॉबर ठरवी, त्यामुळे त्याची मर्जी सांभाळणे भाग पडे. बिघाड दुरुस्त करण्याचे कसब आणि माणसाला उपाशी ठेवण्याची सत्ता एकाच हाती असणे, ही या व्यवस्थेची मूळ विसंगती होती. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली, तेव्हापासून जॉबरचा भरतीचा अधिकार आखडत गेला. यंत्र जुळवण्याचे काम मात्र त्याच्याकडेच राहिले.

धोट्याचे भोक

धोट्यात बाण्याच्या सुताची कांडी असते. कांडी संपली की साचेवाला माग थांबवून नवी कांडी घालतो आणि तिचे टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढतो. जुन्या धोट्यात हे टोक काढण्याचा एकच जलद मार्ग होता: भोकाला तोंड लावून सूत ओढून घेणे. कांडीवर हजार वार सूत आणि कापडाचा पन्हा एक वार धरला, तर मिनिटाला १८० बाणे टाकणाऱ्या मागावर कांडी साडेपाच मिनिटांत संपते. दोन माग सांभाळणाऱ्याला तासात वीसहून अधिक वेळा आणि दहा तासांच्या पाळीत दोनशेहून अधिक वेळा धोटा तोंडाला लावावा लागे. प्रत्येक वेळी सुताची तूस श्वासाबरोबर आत जाई. एकच धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या तोंडाला लागे, आणि दाटीवाटीच्या चाळीत राहणाऱ्या क्षयग्रस्त कामगारांच्या शहरात याचा अर्थ काय, हे सांगण्याची गरज नाही.

हा आरोग्याचा प्रश्न होता. मुंबईत तो जातीचा प्रश्न झाला. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, आणि तेथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. स्पृश्य साचेवाल्यांचा आक्षेप असा, की ज्या धोट्याला त्यांचे तोंड लागेल त्याला आम्ही तोंड लावणार नाही. परिणामी दलित कामगार मुख्यतः रिंग खात्यात आणि इतर कमी मजुरीच्या कामांत राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अन्याय संपाच्या नेत्यांपुढे मांडला, विणकाम खाते दलितांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी असा आग्रह धरला, आणि तसे न झाल्यास दलित कामगारांचा पाठिंबा राहणार नाही असे बजावले. मागणी समाविष्ट झाली. त्यावर मालकांचे उत्तर असे होते, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

येथे यंत्रशास्त्राच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे अवश्य आहे. ज्यात तोंड लावावे लागत नाही असा, चिरेतून हातानेच सूत ओवता येणारा धोटा त्या काळी ज्ञात होता. अमेरिकेत १८९० च्या दशकात विक्रीस आलेल्या नॉर्थ्रप स्वयंचलित मागात तर कांडी आपोआप बदले आणि सूतही आपोआप ओवले जाई. म्हणजे ज्या भोकावर बहिष्काराचे समर्थन उभे होते, ते भोक बदलण्यासारखे होते. जुन्या मागांवर हातओवणीचा धोटा सरसकट बसवला गेला नाही. खुद्द ब्रिटनमध्येही तोंडाने ओढायच्या धोट्यांविरुद्ध खास नियम १९५२ मध्येच आले. अर्थात, धोटा बदलला असता तर बहिष्कार संपला असता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नातलग भरणाऱ्या जॉबरच्या पद्धतीत तो अन्य सबबींवरही टिकला असता. पण निदान ही सबब उरली नसती.

बिघाडाचा भुर्दंड

विणताना बिघडलेले कापड साचेवाल्याच्या माथी मारण्याची पद्धत मुंबईच्या गिरण्यांत दीर्घकाळ होती. तपासणीत दोष आढळला की तो तागा कामगाराला द्यायचा आणि त्याची किंमत मजुरीतून कापायची. कामगाराने तो नेसावा किंवा मिळेल त्या भावाला विकावा. दोष मागाचा, सुताचा की हाताचा, याची शहानिशा बहुधा होत नसे. खराब कापसाने तूट वाढली की साचेवाल्याचे दुहेरी नुकसान होई: तुकड्यावरची मजुरी घटे आणि दंड वाढे.

१९२० च्या दशकात जपानी मालाची स्पर्धा तीव्र झाली. तेव्हा मुंबईतील काही गिरण्यांनी साचेवाल्याला दोनऐवजी तीन माग आणि रिंग खात्यातील कामगाराला एकीऐवजी दोन बाजू देण्याची योजना आणली. चांगला कापूस व चांगली यंत्रे दिली की तूट कमी होते आणि तेवढाच माणूस अधिक यंत्रे सांभाळू शकतो, हा मालकांचा युक्तिवाद तत्त्वतः बिनचूक होता. कामगारांचे म्हणणे असे, की माग वाढले, सूत मात्र सुधारले नाही. वर दिलेले तुटीचे गणित पाहिले असता हे लक्षात येते, की दोन्ही पक्ष एकाच आकड्याविषयी बोलत होते आणि तो आकडा कोणाच्याही हाती विश्वासार्ह स्वरूपात नव्हता.

एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. संपकाळातच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली; श्रीपाद अमृत डांगे, ना. म. जोशी, अर्जुन आळवे हे या संपातील प्रमुख नेत्यांपैकी होत. संप मिटताना नेमलेल्या न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे मजुरीच्या दरांबरोबरच मागांची संख्या, कामाचा बोजा आणि बिघडलेल्या कापडाच्या वसुलीचा प्रश्न आला. संपाचा इतिहास सहसा मजुरी आणि राजकारण यांच्या अंगाने लिहिला जातो, तो योग्यच आहे. तथापि त्याच्या मुळाशी ‘धागा किती वेळा तुटतो’ हा प्रश्नही होता, हे विसरले जाते.

१९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने या वसुलीला मर्यादा घातली. नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणाचा थेट परिणाम असेल तरच कपात करता येईल, आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागेल, अशी तरतूद झाली. त्यामुळे कारण शोधणे हे कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक ठरले. चालू यंत्र साफ करताना होणाऱ्या अपघातांबाबत १९४८ च्या कारखाना अधिनियमाने यंत्रांना संरक्षक आवरणे सक्तीची केली, तसेच स्त्रिया व अल्पवयीन यांना फिरत्या यंत्रभागांची सफाई किंवा जुळणी करण्यास मनाई केली.

मोजमाप आणि संशोधन

१८८७ मध्ये भायखळ्यास स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये कापड उत्पादनाचे शिक्षण आरंभापासून दिले जाई. १९२३ मध्ये ही संस्था माटुंग्यास गेली. आज ती वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. १९२४ मध्ये माटुंग्यातच कापसाच्या तंतूंची व कताईची कसोटी घेणारी प्रयोगशाळा सुरू झाली. कोणता कापूस किती नंबरापर्यंत न तुटता कातला जाईल, हे गासडी विकत घेण्यापूर्वीच सांगता येऊ लागले, ही तिची मोठी देणगी. १९५४ मध्ये बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन स्थापन झाली, घाटकोपर येथे तिचे केंद्र आहे. अशा संस्थांमुळे तुटींची पद्धतशीर मोजणी गिरण्यांत रुजली.

धागातुटीने जगाच्या कारखानदारीला एक विचारपद्धतही दिली. जपानच्या साकिची तोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग विकसित केला. १९२४ चा त्यांचा स्वयंचलित माग प्रसिद्ध आहे. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले, ज्यांची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांतही होती. दोष दिसताच काम थांबवावे आणि ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारून मुळाशी जावे, ही टोयोटा मोटार कारखान्याची म्हणून गाजलेली रीत याच घराण्याकडून आली. तिची मांडणी करणारे ताईची ओनो हेही आधी तोयोडांच्या कापडगिरणीत नोकरीस होते. खळीच्या पातळपणाचे वर दिलेले उदाहरण याच रीतीने मांडले आहे.

भारतातील एक प्रयोग याहून वेगळ्या दिशेचा आहे. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ए. के. राइस या ब्रिटिश संशोधकाने स्वयंचलित मागांच्या खात्याचा अभ्यास केला. यंत्रे नवी असूनही उत्पादन आणि दर्जा अपेक्षेइतका नव्हता. एक जण धागे जोडी, दुसरा कांड्या भरी, तिसरा तेल घाली. सगळे सर्व मागांवर विखुरलेले, त्यामुळे कोणत्याही मागाची जबाबदारी कोणाचीच नव्हती. ठरावीक मागांचा एकेक गट छोट्या चमूकडे सोपवला, तेव्हा कामगिरी सुधारली. यंत्राला हात न लावता केवळ माणसांची मांडणी बदलून बिघाड कमी झाल्याचे हे उदाहरण जगभरच्या व्यवस्थापनशास्त्रात शिकवले जाते. मुंबईतील जुन्या कामगाराला यात फारसे नवल वाटले नसते.

उत्तरकाळ

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर बहुतेक गिरण्या पूर्ववत चालू झाल्या नाहीत. यंत्रे भंगारात गेली आणि जमिनींवर मॉल व उंच इमारती उभ्या राहिल्या. दादरच्या इंदू मिलची जमीन डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी देण्यात आली आहे. गिरण्यांनी मोडीत काढलेले अनेक माग त्याआधीपासूनच भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत जात होते, आणि धोट्याचे माग जुळवण्याची विद्या तेथे जॉबरांच्या हाती पुढे चालू राहिली.

आधुनिक मागांत धोटा नसतो. बाणा हवेच्या झोताने किंवा पकडीने पलीकडे नेला जातो आणि वेग मिनिटाला शेकडो बाण्यांचा असतो. धागा तुटला की संवेदक माग थांबवतो. दर लाख बाण्यांमागे ताणा किती वेळा तुटला आणि बाणा किती वेळा तुटला, हे दोन आकडे पडद्यावर वेगवेगळे दिसतात, आणि पाळी बदलताना ते नोंदवून ठेवले जातात.